चार वाकड्या पायांची बैठक

प्रिय मेहुणेबुवा,

धाकट्या भाऊजींचा सप्रेम नमस्कार, आणि पाठीवर एक थाप (थाप हलकीच समज, माझा उजवा खांदा सध्या वर होत नाही, त्याचं कारण पुढे येईलच). तुझी सर्दी गेली असेल, नव्या जागेत नळाला पाणी बऱ्या जोराने येत असेल आणि तू वेळेवर जेवत असशील, अशी आशा करतो. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. तुझी धाकटी ताई खुशाल आहे, थोरली ताई खुशाल आहे, बाबा तर फारच खुशाल आहेत. राहिले तुझे थोरले भाऊजी, म्हणजे माझे साडू. ते नेहमीच खुशाल असतात. त्यांच्या खुशालीची वेगळी चौकशी करणं मी केव्हाच सोडून दिलंय.

पत्र लिहिण्याचं कारण म्हणजे तो फोटो. ज्येष्ठांच्या वाद्यवृंदाच्या कार्यक्रमातला, मधोमध बाबा चेलो धरून वाकलेत असा एक फोटो एव्हाना तुझ्याकडे पोचला असणार, आणि तो कोणी पाठवला असणार हे मी सांगायला नको. त्यात बाबांच्या उजवीकडे, खाली, साडूंचा चेहरा दिसतो. संकटात सापडलेल्या माणसाचा चेहरा इतका शांत आणि इतका फोटोजोगा कसा असू शकतो, याचा मी बराच विचार केला. डावीकडे जी ताणलेली शिवण दिसते, ती माझ्या पँटची. मी त्या फोटोत एवढाच आहे. म्हणून म्हटलं, फोटो बघून तुझा काही समज होण्याआधी सगळी हकीकत क्रमाने कळवावी.

आई गेल्यानंतर बाबा किती गप्प झाले होते ते तू पाहिलंच आहेस. ज्याने आयुष्यभर दुकानदारांची वजनं-मापं तपासली, काटा केसभर कलला तरी ज्याच्या भुवया वर जायच्या, त्या माणसाने घरातलं घड्याळ बंद पडलं तरी किल्ली दिली नव्हती. मग एका बंद पडणाऱ्या संगीत शाळेतून त्यांनी तो चेलो उचलून आणला. (चेलो म्हणजे काय हे मलाही तेव्हा ठाऊक नव्हतं. व्हायोलिनला वय आणि संसार दोन्ही लागल्यावर ते जसं दिसेल, तसं ते वाद्य. हनुवटीखाली धरत नाहीत. खालची सळई जमिनीला टेकवतात, दोन गुडघ्यांमध्ये धरतात आणि गज आडवा ओढतात.) सुरुवातीला आवाज असा यायचा की कपाट ओढताहेत की वाजवताहेत ते कळायचं नाही. आता मात्र तुझी ताई त्यांच्याकडे भाजी घेऊन जाते ती दाराबाहेर पिशवी हातात धरून उभी राहते, आणि तुकडा संपेपर्यंत घंटा वाजवत नाही. मी तिला एकदा तसं उभं पाहिलंय, म्हणून सांगतो.

अडचण होती ती खुर्चीची. बाबा पडले ताडमाड. साध्या खुर्चीवर बसले की गुडघे चेलोच्या खांद्याला जाऊन भिडतात, गज गुडघ्यावर आपटतो आणि कंबर धरते. खुर्चीवर जाडा शब्दकोश ठेवून पाहिला, तर सूर लागायच्या ऐन वेळी शब्दकोश सरकायचा. एका रविवारी साडूंच्या घरी चहा घेताना बाबा सहज बोलून गेले की जरा उंच, बिनहातांची, पुढून दबलेली बैठक मिळाली तर बरं होईल. आम्ही दोघेही जावई ते ऐकत होतो. दोघांनी एकदमच ऐकलं, हे तू लक्षात ठेव. मी म्हणालो, "बघतो." साडू काहीच म्हणाले नाहीत. दुसऱ्या दिवशी बाबांच्या घरी स्टूल पोचलं.

स्टूल साडूंच्या दवाखान्यातलं. दातांच्या डॉक्टरांचं असतं तसलं. काळं कुळकुळीत, मऊ, खाली चाकं, बाजूला एक दांडी, ती दाबली की माणूस सुस्कारा सोडल्यासारखा वर जातो नाहीतर खाली येतो. बाबा त्यावर बसून लहान मुलासारखे वर-खाली झाले. मला मुद्दाम फोन करून त्यांनी तो सुस्कारा ऐकवला. मी छान आहे म्हणालो. माझ्या अंगाचा कसा तिळपापड झाला ते फोनवर दिसत नाही, हे एक बरं.

तू म्हणशील, भाऊजी, इतकं काय मनाला लावून घ्यायचं. तुला सांगतो, हा एका स्टुलाचा प्रश्न नाही. बाबांचे दात साडूंनी बसवले. बाबा हसले की लोक म्हणतात, वा, काय दात आहेत, कोणी केले? आणि बाबा साडूंचं नाव सांगतात. बाबांचा चष्मा मी केला. भिंगं मी घासली, काड्या मी वाकवून कानामागे अशा बसवल्या की बाबांना चष्मा लावल्याचं कळतसुद्धा नाही. पण चष्म्याचं दुर्दैव असं की तो चांगला झाला तर माणूस त्याच्यातून पलीकडे बघतो, त्याच्याकडे बघत नाही. त्यांचं काम हसताना चमकतं, माझं काम कुणाला दिसतच नाही. आणि माझ्या डोळ्यांदेखत बाबा माझ्या भिंगांतून साडूंच्या स्टुलाकडे कौतुकाने बघत होते.

पण देव गरिबाचाही असतो. त्या स्टुलाला चाकं होती. तालमीत बाबांनी पहिला लांब गज ओढला आणि ते हलकेच मागे गेले. दुसरा ओढला, आणखी मागे गेले. तुकडा रंगात आला तेव्हा ते बासरीवाल्या आजींच्या मांडीला लागले होते. त्या वाद्यवृंदाच्या संचालिका म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणतात. त्यांनी काठी खाली ठेवून विचारलं की आपण चेलो वाजवताय की गावाला निघालात. साडूंनी चाकं काढून दिली, तर स्टूल इतकं बुटकं झालं की शब्दकोश पुन्हा आला. ही बातमी मला माझ्या बायकोने सांगितली. मी तोंडावर हळहळ आणली, पण तेव्हा चहात साखर घातली नव्हती आणि तरी तो मला गोड लागला.

त्या संध्याकाळी मी घरात जाहीर केलं की बाबांची बैठक मी स्वतः बनवणार. विकत आणणार नाही. पैसे टाकून कोणीही प्रेम करतो. फळी कपाटातली, आणि पाय लोखंडी नळीचे, वाकवलेले. तुझ्या ताईने विचारलं, वाकवणार कोण? मी म्हणालो, मी उभा जन्म दुसरं काय करतोय. खरंच, दुकानात दिवसभर मी चष्म्याच्या काड्या वाकवतो. गरम हवेवर धरायच्या, अंगठ्याने दाबायच्या, झालं. नळी म्हणजे मोठी काडीच की. (तुझी ताई माचिसची काडी शोधत होती असं दाखवत ओट्याकडे वळली, पण तिचे खांदे हलताना मी पाहिले.)

नळीसाठी मी आपला घडीचा पलंग मोडला. होय, तोच, ज्यावर तू आमच्याकडे आलास की झोपतोस. रागावू नकोस, तूच म्हणायचास की तो पाठीत टोचतो. पहिली नळी मी गुडघ्यावर घेऊन वाकवायला गेलो, तर गुडघाच वाकला. मग ती जिन्याच्या कठड्यात अडकवली आणि सगळा भार टाकून ओढली. काहीतरी वाकल्याचं हाताला स्पष्ट कळलं. पाहतो तर नळी सरळच होती. कठड्याचे दोन गज बाहेर आले होते. खालच्या मजल्यावरच्या शिवणकामवाल्या बाई जिन्यात येऊन कठड्याकडे, मग माझ्याकडे, मग पुन्हा कठड्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "तुमचं लग्नाचं वय गेलं, आता ताकद कुणाला दाखवताय?" मी त्यांना काय सांगणार, की साडूंना. मी पुन्हा जोर लावला आणि या खेपेला नळी वाकली, पण वाकली म्हणजे कशी, शरबताची नळी दुमडावी तशी मध्येच चेपून चपटी झाली. ती मी हातोडीने ठोकून पुन्हा फुगवली, वर काळा रंग फासला, आणि हा पाय झाला असं धरून चाललो.

मग कुणीतरी दुकानात सांगितलं की नळीत वाळू ठासून भरली आणि तापवली की ती चेपत नाही. हे बरोबर आहे. त्यात फक्त एवढंच सांगायचं राहिलं होतं की वाळू कोरडी पाहिजे. मी घेतली ती जिन्याखालच्या आगीसाठी ठेवलेल्या लाल बादलीतली, आणि त्या बादलीवर वरच्या मजल्यावरचे धुणं वाळत घालतात. नळीची दोन्ही तोंडं लाकडी बुचांनी ठोकून बंद केली आणि नळी स्वयंपाकघरात गॅसवर धरली. आत पाण्याची वाफ होत होती, हे मला कसं कळणार? तुझी ताई बाहेरून म्हणाली, काहीतरी शिट्टी वाजतेय. मी म्हणालो, शेजाऱ्यांची असेल. त्यानंतरचं नीटसं आठवत नाही. बूच खिडकीच्या काचेतून बाहेर गेलं आणि उरलेली वाळू कणकेच्या परातीत आली. माझा खांदा दारावर आदळला तो तेव्हाच. मी जमिनीवर बसलो होतो आणि तुझी ताई दारात उभी राहून विचारत होती की लागलं का. तिच्या आवाजात काळजी होती, यात शंका नाही. पण त्यानंतर ती आतल्या खोलीत गेली आणि तिने बहिणीला फोन केला. घरातले शत्रू असे असतात.

तासाभरात साडू दारात. मला वाटलं होतं की ते हसतील, आणि मी त्यासाठी एक उत्तरही जुळवून ठेवलं होतं. ते हसले नाहीत. त्यांनी आधी माझा खांदा दाबून पाहिला, मग बाह्या दुमडल्या, कढई मागून घेतली आणि वाळू रवा भाजावा तशी मंद आचेवर भाजायला घेतली. त्यांनी येताना दवाखान्यातली गॅसची छोटी ज्योत आणली होती. वाळू भरली, नळी फिरवत फिरवत लाल केली आणि उंबऱ्याला टेकवून अशी अलगद वाकवली की चिखलाची असावी. चेप नाही, सुरकुती नाही. हंसाची मान बघ.

मेहुण्या, तुला खरं सांगू का? माणूस वाईट असता तर किती सोपं झालं असतं. तो गर्विष्ठ असता, कुजकट बोलला असता, तर मी आरामात जळलो असतो, कुणाची हरकत नव्हती. पण हा गृहस्थ माझ्या स्वयंपाकघरात घाम गाळत, माझ्या बायकोने दिलेला एप्रन बांधून, माझी फजिती निस्तरत होता आणि वर मलाच विचारत होता की कोन बरोबर आहे ना. अशा माणसावर जळणं म्हणजे दोन्ही बाजूंनी जळणं. मी म्हणालो, थोडा जास्त झालाय. झाला नव्हता.

शेवटी दोन पाय त्यांनी केले, दोन माझे धरले. त्यांतला एक तो ठोकून फुगवलेला, पुन्हा चेपू नये म्हणून मी त्यातही वाळू भरून ठेवली होती; दुसरा त्यांच्या ज्योतीवर मी वाकवलेला. त्यांचे उजवीकडे बसवले, माझे डावीकडे. (पुढे-मागे बसवावेत असं ते म्हणत होते. पण मग पुढचे कोणाचे, हा प्रश्न निघाला असता.) फळीवर दोघी बहिणींनी जुन्या उशीचा कापूस घालून काळं कापड ताणून बसवलं. बैठक दिसायला, स्वतःची स्तुती म्हणून नाही, पण बरी दिसत होती. जरा चार पायांवर उठू पाहणाऱ्या वासरासारखी. बाबा पाहायला आले. त्यांनी खिशातून पाणसळ काढली, ती बुडबुड्याची पट्टी, आणि फळीवर ठेवली. बुडबुडा हळूहळू मागे सरकला. आम्ही दोघेही श्वास धरून. बाबा म्हणाले, "पुढे कललीय." मग बसून पाहिलं, हवेतच गज ओढला, आणि म्हणाले, "चेलोला अशीच लागते. कोणाची कल्पना?"

मी तोंड उघडायच्या आत साडू म्हणाले, "सगळं यांचंच. मी नुसती नळी धरली."

बाबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. ज्या क्षणासाठी मी पलंग मोडला, कठडा वाकवला आणि खिडकी फोडली तो क्षण आला होता, आणि तो मला साडूंनी दान म्हणून दिला होता. त्या रात्री मी नीट जेवलो नाही. तुझी ताई म्हणाली, आता काय झालं, मिळालं ना कौतुक? मी म्हणालो, मिळालं, पण त्याला वास त्यांच्या दवाखान्याचा येतो.

कार्यक्रम वाचनालयाच्या सभागृहात होता. खुर्च्या भरल्या होत्या. आम्ही पुढच्या रांगेत. मी, दोघी बहिणी, पलीकडे साडू. बाबा आमच्या बैठकीवर ताठ बसले, इतके देखणे दिसले की दोघींनी एकमेकींचा हात धरला. पहिला तुकडा झकास झाला. दुसरा तुकडा संथ होता आणि त्यात बराच वेळ बाबा एकटेच वाजवणार होते. आईला ती चाल आवडायची असं बायकोने मला कानात सांगितलं. (आईंनी चेलोवर नव्हे, बाबांच्या शिट्टीवर ऐकलेली ती.) बाबांनी डोळे मिटले आणि सुरुवात केली, आणि मला दिसलं की बैठक खचतेय.

एकदम नाही. कोणी खुर्चीत आरामात सरकावं तशी, गजागणिक थोडी थोडी. बाबा खाली येत होते आणि चेलो आपल्या सळईवर जागच्या जागी होता, त्यामुळे तोच वर चढतोय असं वाटत होतं. माझ्या मनात त्या वेळी काय आलं, ते तुला सांगतो, कारण घरच्यांशी खोटं बोलू नये: मी देवाची प्रार्थना केली. बाबा पडू नयेत म्हणून नव्हे. खचत असलेली बाजू उजवी असावी म्हणून. ती डावी होती. ठोकून फुगवलेला पाय चेपल्या जागी पुन्हा दुमडत होता, आणि त्याच्या तळातून वाळूची बारीक धार लागून व्यासपीठावर छोटासा ढीग होत होता. बाबा डावीकडे कलले, गजाचा कोन बदलला, तरी सूर सोडला नाही. ज्याने केसभर कललेला काटा कधी माफ केला नाही, तो माणूस स्वतः कलून वाजवत होता. मोठ्या बाईंनी काठी चालू ठेवून नुसत्या डोळ्यांनी पहिल्या रांगेला विचारलं, की हे कोणाचं काम?

तेव्हा आम्ही दोघे उठलो. पाठीमागच्यांना दिसू नये म्हणून ओणवे होऊन पायऱ्या चढलो आणि वर गेल्यावर रांगत बाबांच्या मागून बैठकीखाली शिरलो. साडूंनी उजवीकडून फळीला हात दिला, मी डावीकडून खांदा लावला. उजवाच लागला, दुखरा. बाबांनी डोळे उघडले नाहीत, पण खाली येणं थांबलं हे त्यांना कळलं असणार, कारण सूर मोकळा झाला. फळीला खांदा लावून ऐकलंस तर चेलो कानाने ऐकू येत नाही, हाडांतून येतो. मला आईंची आठवण झाली. त्या मी केलेला चष्मा वापरायच्या नाहीत, म्हणायच्या, मला सगळं नीट दिसतं, आणि दाराच्या कुलपात किल्ली चाचपडत बसायच्या.

आम्हा दोघांची तोंडं फळीखाली वीतभर अंतरावर होती. साडूंच्या कपाळावरून घाम नाकावर आला होता आणि त्यांना पुसता येत नव्हता. ते अगदी हळू म्हणाले, "तुमचं बरं आहे."

मी म्हणालो, "माझं?" खांदा निखळायला आला होता.

"बाबा रोज दुपारी तुमच्या दुकानात येऊन बसतात. काम नसताना. माझ्याकडे दुखल्याशिवाय येत नाहीत."

हे मला कधी सुचलंच नव्हतं. बाबा दुपारी येतात, कोपऱ्यातल्या स्टुलावर बसतात, गिऱ्हाईक नसलं की अंधुक होत जाणाऱ्या अक्षरांचा तक्ता मोठ्याने वाचून दाखवतात आणि शेवटची ओळ पाठ असल्यामुळे बरोबर सांगतात. त्याला मी कधी मान समजलो नव्हतो; मला वाटायचं, त्यांना दुपारी सावली लागते. आणि हा माणूस, ज्याच्यावर मी इतकी वर्षं निष्ठेने जळत आलो, तो तिकडे बसून माझ्यावर जळत होता. मला इतकं बरं वाटलं की त्या भरात मी त्यांच्या बाजूचाही थोडा भार घेतला.

तुकडा संपला. टाळ्या पुष्कळ झाल्या, आणि बाबा उठून वाकले तेव्हा मागून आम्ही दोघे दिसलो, म्हणून आणखी झाल्या. फोटो त्याच सुमारास निघाला. साडूंनी आवाजाकडे मान वळवली आणि मी पाय सांभाळायला वळलो. यात कुणाचा दोष नाही, पण एकदा विचार कर, फोटोवाला डावीकडे उभा राहिला असता तर काय बिघडलं असतं?

असो. बैठक दुरुस्तीला माझ्याकडे आहे. साडूही रोज संध्याकाळी येतात. आम्ही कमी बोलतो, पण नळी चांगली वाकते. तू जप. रात्री कामावरून उशिरा आलास तरी गरम खात जा. बाकी सर्व ठीक.

तुझा,
धाकटा भाऊजी

ता. क. — तुझ्या ताईने पत्र वाचलं. ती म्हणते, "आम्ही दोघे उठलो" हे खरं नाही. साडू आधी उठले. मी खुर्चीला चिकटून तिची पर्स पोटाशी धरून बसलो होतो आणि तिने कोपर मारल्यावर उठलो. पर्स घेऊनच व्यासपीठावर गेलो असंही ती म्हणते. फोटोत पर्स दिसत नाही, तेव्हा या मुद्द्यावर मी काही बोलत नाही.

ता. क. दुसरा — आता मुख्य गोष्ट, जी लिहायला मी पत्र घेऊन बसलो होतो. कार्यक्रमानंतर आम्ही दोघांनी बाबांना वेगवेगळं गाठून विचारलं की आता एकटे राहू नका, आमच्याकडे चला. साडूंनी सांगितलं की त्यांच्याकडे लिफ्ट आहे. मी सांगितलं की माझ्याकडे मी आहे. बाबा दोघांनाही म्हणाले, "मी पोराकडे जाईन म्हणतो, चेलो घेऊन. तिथे निदान जावई नाहीत." तेव्हापासून आम्हा दोघांना झोप नाही. मेहुण्या, तू त्यांचा एकुलता मुलगा. तू काही न करता, नुसता जन्माला येऊन, दात न बसवता, चष्मा न करता, एक पायही न वाकवता बाबांना घेऊन जाणार. हे न्यायाचं आहे का, तूच सांग. म्हणून आम्ही दोघांनी मिळून, कधी नव्हे ते एकमताने, ठरवलंय की तू त्यांना कळवावंस की तुझी जागा लहान आहे, भिंती पातळ आहेत आणि शेजाऱ्यांना लहान बाळ आहे. साडूंनी हे वाचून मान डोलावली आहे.

ता. क. तिसरा — पाकीट बंद करता करता पुन्हा उघडलं. आत्ता दुपारचे बाबा दुकानात बसलेत. तुला पत्र लिहितोय म्हटल्यावर म्हणाले, "त्याला विचार, मी आलेलं चालेल ना त्याला?" आणि मग बराच वेळ तक्त्याकडे बघत राहिले, वाचला मात्र नाही. तेव्हा वरचं खोड. जागा लहान आहे वगैरे काही कळवू नकोस. लगेच कळव की बाबा, या, वाट बघतोय. अगदी आजच कळव.

फक्त कधी या, ते लिहू नकोस.